लांब टाका

सोळा वर्षं मी मुरबाडच्या शाळेत मराठी शिकवतो आहे आणि विरामचिन्हांवर माझा विशेष भर असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं ते गणिताच्या किंवा ड्रॉइंगच्या मास्तरांच्या हातून घडलं असतं तर लोक चार दिवसांत विसरले असते. मराठीच्या मास्तराला तेवढी सवलत नाही. अजूनही मी वर्गात पूर्णविराम शिकवायला घेतला की मागच्या बाकांवर खोकल्याची साथ येते.

तर मशीन. महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली, दिवाळीनंतर, ते कल्याणहून एस.टी.च्या टपावरून आलं. सहा जणांनी ते उतरवलं आणि सातव्यानं, म्हणजे मी, सूचना दिल्या. शिवणाचं मशीन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे आलं असेल ते हे नव्हे. हे काळंकुट्ट, ओबडधोबड, दोन मणांचं धूड. लढाईच्या काळात कल्याणच्या छावणीत ते खोगिरं आणि पट्टे शिवत होतं म्हणे. छावणी उठली, मशीन कुठल्याशा गुदामात गंजत पडलं, आणि मग एका सरकारी खात्याला असं सुचलं की आमच्या चर्मोद्योग सोसायटीला ते तीन महिने वापरून बघायला द्यावं. सोबत इंग्रजी माहितीपुस्तक होतं. ते वाचायला कुणीतरी हवं म्हणून सोसायटीनं मला मानद चिटणीस केलं. मी नाही म्हणणार होतो, पण कुणी आग्रह करायच्या आतच माझ्या तोंडून हो निघून गेलं.

सोसायटीत माणसं अकरा, पण कारागीर म्हणाल तर नामदेव. जवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बैल घेणारा माणूस आधी बैलाचे दात बघायचा आणि मग सरळ नामदेवाकडे येऊन घुंगरांचा पट्टा घ्यायचा. पण दोन वर्षांपासून वातानं त्याच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती. चामडं शिवताना आरीनं भोक पाडणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. खरी मेहनत पुढे असते. मेण लावलेला दोरा प्रत्येक टाक्याला दोन्ही हातांनी ओढून आवळावा लागतो. भोकं त्याची बायको वेणू पाडायची. दोरा ओढायचा कुणी? हे मशीन दोरा आपला आपण ओढत होतं. चाकाची मूठ फिरवायला नुसता तळहात पुरत होता.

"ह्ये चाललं तर आमचं चाललं, मास्तर," वेणूनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "नायतर जत्रा झाली का ईटभट्टीवर जायचं. यांच्या हातानं ईट तरी उचलंल का?"

नामदेव धोतराच्या सोग्यानं मशीनवरचा गंज पुसत होता, आणि पुसून झालेली जागाच परत पुसत होता. मी म्हटलं, "काळजी करू नका. पुस्तक माझ्याकडे आहे."

खात्याच्या पत्रात शेवटी एक वाक्य होतं. 'म्हसा येथील जत्रेत सदर यंत्राचे प्रात्यक्षिक घेण्यात येईल व ते असमाधानकारक आढळल्यास सदर यंत्र शहापूर येथील सोसायटीकडे वर्ग करण्यात येईल.' यातलं शहापूर मला विशेष झोंबलं. शहापूरच्या सोसायटीचे चिटणीस म्हणजे आमचे थोरले मेहुणे, गुप्ते. त्यांच्या वाट्याला त्याच गुदामातलं दुसरं मशीन आलं होतं, पण त्याचं चाक मोडकं निघालं, त्यामुळे आमच्या मशीनवर त्यांचा डोळा होता. गुप्ते म्हणजे काय चीज आहे ते एका वाक्यात सांगतो. माझ्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी मी चुकून दुसरीकडे तोंड करून उभा राहिलो, ही गोष्ट ते बारा वर्षं प्रत्येक पंक्तीला सांगत आले आहेत.

पहिल्या दिवशी नामदेवाच्या पडवीत निम्मं गाव जमलं. नारळ फुटला, मूठ फिरली, आणि पट्ट्यावर अशी सरळ शिवण उमटली की मी नकळत खांदे मागे घेतले. मग वेणूनं पट्टा उलटा केला. खालच्या बाजूला दोऱ्याचा नुसता गुंता झाला होता, बशीभर शेवया सांडल्यासारखा.

मी पुस्तक उघडलं. त्यात पानोपानी 'टेन्शन' होतं. मी वहीत 'ताण' असा प्रतिशब्द लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि निम्मं काम झाल्याचं समाधान मानलं. तेवढ्यात राघो टेलर पुढे सरसावला. राघो वीस वर्षं लेंगे शिवतो, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन.

"गुंता खाली हाय ना?" राघो म्हणाला. "मंग रोग खालीच. खालच्या दोऱ्याची बॉबिन जिच्यात बसती, त्या डबीचा स्क्रू आवळा."

आवळला. गुंता वाढला. आणखी आवळला. मग जो येईल तो तो स्क्रू आवळून जाऊ लागला. पोस्टमननं आवळला, चक्कीवाल्यानं आवळला, यमाजी पाटील सहज तंबाखू मागायला आला होता त्यानंही जाता जाता अर्धा आटा दिला. संध्याकाळी घरी आल्यावर मी सौ.ला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"वरचा दोरा सैल असेल," ती मान वर न करता म्हणाली.

"अगं, गुंता खाली येतोय."

"म्हणूनच. वरचा सैल, म्हणून खालचा त्याला खाली ओढून घेतो. माझ्या मशीनचं नाही का होत?"

घरच्या मशीनवर झबली शिवणं आणि पलटणीच्या मशीनवर चामडं शिवणं यांतला फरक मी तिला पाऊण तास समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं, एवढंच नव्हे तर मध्ये उठून चहाही केला. तीन दिवसांनी पुस्तकाच्या एकतिसाव्या पानावर मला स्वच्छ शब्दांत असं आढळलं की खाली गुंता झाल्यास वरचा ताण आवळावा. खाली गोंधळ दिसला की दोष वर शोधावा, हे तत्त्व कुणीतरी छापून ठेवलेलं पाहून मला बरं वाटलं. खात्यातल्या मंडळींनी ते पान उघडलेलं नसावं. दुसऱ्या दिवशी हा शोध मी पडवीत जाहीर केला. त्यात सौ.चा उल्लेख करायचं काही कारण नव्हतं.

वरचा ताण मी स्वतः आवळला, आणि मनासारखा आवळला. नामदेवानं मूठ फिरवली. दोरा ताडकन तुटला आणि त्याचं टोक राघोच्या चष्म्यावर बसलं. काच वाचली, पण राघोनं त्यानंतर मशीनपासून सहा हातांवर बसून सल्ला द्यायची पद्धत पाडली.

मग टाक्याच्या लांबीचा प्रश्न उभा राहिला. मशीनच्या बाजूला एक चकती होती आणि तिच्यावर चारपासून बारापर्यंत आकडे. मी विचार केला, चामडं जाड, काम मोठं, तेव्हा आकडाही मोठा हवा. चकती बारावर नेली. काय सुंदर शिवण आली म्हणून सांगू. मोहरीएवढाले टाके, एकाला लागून एक. सगळे वाहवा करत होते. नामदेवानं मात्र शिवणीवरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, टाकं लय जवळ झालं. भोकाला भोक लागतंय. टाका जरा लांब हवा."

"पुस्तकाप्रमाणे चाललंय," मी म्हटलं.

पुस्तकात तसं काही नव्हतं. बारा म्हणजे एका इंचात बारा टाके, असं होतं. पण ते पान मी महिन्याभरानं वाचलं.

तो पट्टा बाजारच्या दिवशी यमाजी पाटलाच्या बैलाच्या गळ्यात घालण्यात आला. बैलानं ऐटीत मान हलवली, आणि पोस्टाची तिकिटं भोकांवरून सुटावीत तसा पट्टा शिवणीवरून सरळ दोन तुकडे होऊन खाली आला. घुंगरं सुकटीच्या पाट्यांखाली, भांडीवाल्याच्या पातेल्यांत, कुठे कुठे गेली. दोन मला माझ्याच छत्रीत सापडली. नामदेव खाली बसून एकेक घुंगरू वेचत होता. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. एखादा माणूस हे म्हणत नाही तेव्हा जास्त लागतं.

सुया तर मोडतच होत्या. मी खात्याकडे सहा सुयांची मागणी केली. ती छापील फॉर्मवर, तीन प्रतींत. फॉर्मवर 'मुंबई राज्य' छापलेलं होतं, ते मी प्रत्येक प्रतीवर खोडून 'महाराष्ट्र राज्य' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, म्हणून खाडाखोड केल्याच्या कारणानं अर्ज परत आला. दुसऱ्यांदा पाठवला तर विचारणा आली की सुई ही उपभोग्य वस्तू आहे की यंत्राचा सुटा भाग, ते स्पष्ट करावे. शेवटी सुया नामदेवानं कानशीनं घासून घरीच नीट केल्या.

एव्हाना जत्रा दोन आठवड्यांवर आली होती आणि गावाचं निदान ठरलं होतं. मशीनला बाधा आहे. यमाजी पाटलाचं म्हणणं, पलटणीतलं मशीन आहे, किती मेलेल्या घोड्यांची खोगिरं त्याच्यावर शिवली असतील, ते घोडे सुखानं शिवू देतील का? मी सुशिक्षित माणूस. मी या प्रकाराला कडक विरोध केला आणि मग चाकाला लिंबू-मिरची बांधायला परवानगी दिली. लिंबाचा रस गळून चाकावर नवा गंज आला.

शेवटी मी कल्याणच्या अब्दुलगनी मिस्त्रींना सविस्तर पत्र लिहिलं. छावणीतली मशीनं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. ते मुलीच्या लग्नाच्या गडबडीत होते, येणं जमण्यासारखं नव्हतं, पण त्यांनी उलट टपाली कार्ड पाठवलं. शनिवारी पोस्टात आलेलं कार्ड पोस्टमननं रविवारी सकाळी हातात दिलं, आणि जत्रेला बरोबर आठ दिवस राहिले होते. अक्षर मोत्यासारखं, पण विरामचिन्ह औषधालासुद्धा नव्हतं. सगळा मजकूर एका दमात:

'वरचा ताण एक आटा कमी करा डबी काढून घासलेटने स्वच्छ धुवा लांब टाका जाड चामड्यास त्याशिवाय इलाज नाही'

असा मजकूर समोर आला की माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. मी कार्ड तिथल्या तिथे शुद्ध केलं. कमी करा, पूर्णविराम. डबी काढून घासलेटने स्वच्छ धुवा, स्वल्पविराम, लांब टाका, पूर्णविराम. जाड चामड्यास त्याशिवाय इलाज नाही, पूर्णविराम. अर्थ कसा लख्ख झाला.

नामदेव आणि वेणू त्या दिवशी चामडं आणायला टोकावड्याला गेले होते. पडवीत राघो एकटाच सहा हातांवर बसला होता. मी त्याला कार्ड वाचून दाखवलं.

"धुवायची आन् मंग टाकायची?" राघोनं विचारलं. "टाकायचीच हाय तर धुवायची कशाला?"

प्रश्न रास्त होता. पण मी त्यावर विचार करून ठेवला होता. रोग डबीत आहे हे राघोनंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. उतारा टाकतानाही आपण वस्तू स्वच्छ करूनच टाकतो. आणि मिस्त्री जुन्या वळणाचा माणूस. राघोला ते पटलं. एवढंच नव्हे, तर डबी मशीनवरून तीन वेळा ओवाळून घ्यावी अशी भर त्यानं घातली. मी ओवाळली. मग आम्ही दोघं नदीवर गेलो.

पहिल्या खेपेला डबी जेमतेम दहा पावलांवर जाऊन दगडांत पडली. तिथेच राहू दिली असती तर ही कथा इथे संपली असती. पण मी शब्दाला जागणारा माणूस. कार्डात नुसतं 'टाका' नव्हतं, 'लांब टाका' होतं. मी दगडांतून उतरून डबी उचलून आणली, धोतराचा काचा मारला आणि सगळा जोर लावून फेकली. ती डोहाच्या पार मध्यावर गेली आणि लहानसा आवाज होऊन बुडाली. राघो म्हणाला, "आता कशी गेली." मलाही मोकळं वाटलं.

दुपारी नामदेव आणि वेणू परत आले. वेणूनं मशीनखाली हात घातला.

"मास्तर, डबी कुटं हाय?"

मी हसतमुखानं कार्ड काढलं आणि सगळी हकीगत सांगितली. वेणूला अक्षरओळख नव्हती. ती म्हणाली, "काय लिवलंय ते वाचा बरं."

मी माझ्या विरामचिन्हांसकट वाचलं.

"तसं नाय. मदी न थांबता वाचा."

मी न थांबता वाचलं. वाचता वाचता माझा आवाज बसत गेला. मग वेणूनं समोरचा अर्धा शिवलेला पट्टा उचलून माझ्यापुढे धरला आणि शिवणीवर बोट ठेवलं.

"ह्यो काय हाय, मास्तर?"

"टाका," मी म्हटलं.

"जाड चामड्याला कसा टाका घालायचा?"

"लांब."

"ह्येच तर ह्ये पहिल्या दिवसापून सांगतायत."

महिनाभर मी टाका, टाके आणि टाक्यांचे आकडे यांशिवाय दुसरं बोललो नव्हतो. शाळेत समोच्चारी शब्दांचा धडा मीच शिकवतो. मी तिथेच मशीनच्या पाटावर बसलो. मला वाटलं होतं की नामदेव चिडेल, दोन शब्द ऐकवेल, आणि मग मलाही थोडं रागावता येईल. पण तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, पाणी पिता का?" आणि मशीनवर गोणपाट झाकायला लागला. त्याला ते नीट झाकता येत नव्हतं, बोटांत कड धरली जात नव्हती. त्या क्षणी मला माझी खरोखर लाज वाटली.

त्या दिवसापासून सगळा गाव डोहावर लोटला. नदीतले मासे हातानं धरणारा बुधू तीन दिवस बुड्या मारत होता. त्यानं दोन तांबे, एक अडकित्ता आणि एक पितळी कुलूप वर काढलं. डबी काही मिळाली नाही.

खात्याकडे तारेनं नवी डबी मागितली तर हरवलेल्या डबीचा पंचनामा जोडा असं सांगण्यात आलं. तलाठ्यानं तो लिहिला. 'मास्तरांनी सदर डबी घासलेटने धुऊन, यंत्रावरून तीन वेळा ओवाळून, पहिल्या खेपेस दहा पावलांवर व दुसऱ्या खेपेस अंदाजे साठ पावलांवर स्वखुशीने फेकली.' खाली पंच म्हणून राघोची सही. मी 'स्वखुशीने' हा शब्द काढायची विनंती केली. तलाठी म्हणाला, "जबरदस्ती केली कुणी, ते नाव सांगा." नवी डबी यायला किमान दोन महिने लागतील असंही कळलं.

एकच मार्ग उरला होता आणि तो मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. शहापूर. गुप्त्यांच्या मोडक्या मशीनची डबी शाबूत होती.

सौ. म्हणाली, "दादाला सरळ सांगा. तो नाही म्हणायचा नाही." मी म्हटलं, तो नाही म्हणेल याची मला भीती नाहीच.

एस.टी.नं कल्याण, तिथून गाडीनं आसनगाव आणि पुढे टांग्यानं शहापूर. टांग्यात मी एक चांगली हकीगत रचली होती. डबी चोरीला गेली. पडवीला दार नाही, जत्रेचे दिवस, परगावची माणसं फिरताहेत. हकीगत इतकी जमली की मलाच त्या चोराचा राग यायला लागला.

गुप्ते झोपाळ्यावर बसले होते. "या जावईबापू," ते म्हणाले. "मशीन ठेवायला खोली रिकामी करून ठेवली आहे. चुनासुद्धा काढून घेतला."

मी डबी मागितली. त्यांनी विचारलं, "तुमची कुठे गेली?"

मी तोंड उघडलं. चोर अगदी जिभेवर होता. पण चोरी म्हटली की चौकशी आली, आणि चौकशी आली की ती नामदेवाच्या पडवीत, नामदेवाच्या माणसांची. मी तोंड मिटलं आणि कार्डापासून डोहापर्यंत जे घडलं ते सगळं सांगितलं. दोन्ही खेपा सांगितल्या.

गुप्ते आधी हसले नाहीत. त्यांनी झोपाळा थांबवला, आतून बायकोला बोलावलं, मुलांना बोलावलं, शेजारच्या वकिलांना बोलावलं आणि मला म्हणाले, "आता पहिल्यापासून सांगा." मी पुन्हा सांगितलं. वकील खांबाला धरून हसत होते. गुप्त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ते उठले, आत गेले आणि डबी फडक्यात गुंडाळून घेऊन आले.

मी चकित झालो. "पण तुमचा हक्क?" मी विचारलं. "डबी दिलीत तर मशीन मुरबाडलाच राहील."

"काय करणार, जावईबापू," ते डोळे पुसत म्हणाले. "ही गोष्ट मला आता जन्मभर सांगायची आहे. तिच्या शेवटी 'आणि मग मी डबी दिली नाही' असं म्हटलं तर ऐकणारा हसायचा थांबेल. एवढी चांगली गोष्ट मी एका मशीनसाठी नासवू?"

डबी चपखल बसली. या खेपेला मी पुस्तक घरी ठेवून गेलो होतो. नामदेवानं वरचा ताण एक आटा कमी केला, आकडा स्वतःच पाचावर आणला, आखडलेल्या बोटाला दोरा अडकवून जरासा ओढून पाहिला, पुन्हा पाव आटा सोडला. मग मूठ फिरवली. वेणूनं पट्टा उलटा करून पाहिला आणि दुसरं चामडं पुढे सरकवलं. जत्रेपर्यंतच्या तीन दिवसांत त्यांनी एकोणीस पट्टे शिवले.

म्हशाला बैलांच्या बाजाराच्या कडेला खात्याचा मांडव होता. प्रधानसाहेब म्हणून अधिकारी आले होते, हातात फॉर्म, पायांत बूट, बुटांवर शेण. गर्दी तर ही एवढी. मुरबाडचे यच्चयावत लोक हजर होते. मशीनपेक्षा मला बघायला आले असावेत असा माझा संशय आहे. गुप्तेही आले होते, वकिलांना घेऊन.

नामदेवानं साहेबांसमोर हातभर पट्टा शिवला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी ओढला. शिपायाला एक टोक धरायला लावून ओढला. मग यमाजी पाटलाचा बैल आणला. बैलानं मान हलवली, शिंगं हलवली, पट्ट्याचा राग आल्यासारखं सगळं अंग झाडलं. घुंगरं वाजत राहिली, एक सुटलं नाही. वेणू पदर तोंडाशी धरून उभी होती, तिनं आता कुठे श्वास सोडला.

"ताण कितव्या आकड्यावर ठेवता?" साहेबांनी विचारलं.

"आकडा नाय सांगता यायचा, साहेब," नामदेव म्हणाला. "टाका वरनं आन् खालनं सारका दिसला का बरोबर झालं समजायचं."

साहेबांनी मान डोलावली आणि फॉर्मवर लिहिलं की यंत्र समाधानकारक असून ते कायमस्वरूपी मुरबाडच्या सोसायटीत, नामदेव यांच्या ताब्यात ठेवावे. ते त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. नामदेवानं सही केली. आखडलेल्या बोटांत टाक धरून, एकेक अक्षर सावकाश काढत. आणि कुणीही त्याला घाई केली नाही.

"एक रकाना राहिला," साहेब म्हणाले. "प्रशिक्षक. हे सगळं तुम्हाला शिकवलं कुणी?"

राघो चष्मा पुसू लागला. गुप्ते पुढे वाकले. मी मांडवाच्या खांबामागे सरकलो, पण खांब बारीक होता.

"मास्तरांनी, साहेब," नामदेव म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "काय काय करायचं नाय, ते सगळं त्यांनी आमाला सोता करून दावलं."

साहेबांनी माझं पूर्ण नाव विचारून घेतलं आणि प्रशिक्षकाच्या रकान्यात शाईनं लिहिलं.